गवताच्या ठशावरून जुनं हवामान कसं वाचायचं

दगडावर गवताच्या पात्याचा ठसा दिसला की बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "इथे गवताळ माळ होता, म्हणजे हवा कोरडी होती." या एका वाक्यात तीन निष्कर्ष एकावर एक रचलेले आहेत. हे गवत आहे, गवत आहे म्हणून माळ होता, माळ होता म्हणून हवा कोरडी होती. तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी वहीत तीन रकाने आखायला लावते: ते कुठे उगवलं होतं, आजूबाजूला काय होतं, हवा कशी होती. डावीकडचा रकाना भरल्याशिवाय उजवीकडच्याला हात लावायचा नाही. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या तीन रकान्यांसाठी.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. गवताच्या पानांचे ठसे मुळातच कमी सापडतात, आणि त्याला कारण आहे. झाड पान गाळतं. पान देठापासून सुटतं, वाऱ्याने उडून तळ्यात पडतं, गाळात बसतं आणि त्याचा ठसा होतो. गवताचं पातं असं सुटून गळत नाही. खोडाला वेढणाऱ्या आवरणासकट ते जागेवरच वाळतं आणि मग तिथेच कुजतं, चरलं जातं किंवा जळतं. म्हणून तळ्याच्या जुन्या गाळात झाडांची पानं ढिगाने आणि गवताची पाती तुरळक असली, तर त्यावरून "रानात गवत कमी होतं" असं म्हणता येत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. तळ्याच्या गाळात जे थोडं गवत सापडतं ते बहुधा काठावरचं असतं. देवनळ, म्हणजे पाणथळ जागी वाढणारं उंच गवत, आज उष्ण, कोरड्या मुलखातल्या झऱ्यापाशी उभा असतो आणि थंड प्रदेशातल्या दलदलीतही. त्याचा ठसा मिळाला तर पहिल्या रकान्यात "उथळ पाणी जवळ" एवढं ठामपणे लिहा. तिसरा रकाना रिकामा राहू द्या.

मोकळ्या जमिनीवरचं गवत ठशात सापडायला काहीतरी अवचित घडावं लागतं. सगळ्यांत उत्तम म्हणजे ज्वालामुखीची राख. केनियातल्या फोर्ट टर्नान इथे सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी राखेने गवत झाकलं गेलं. ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तिथल्या जुन्या मातीचा आणि त्या गवतांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. लुई लीकी यांना केनियापिथेकस हा वानर याच ठिकाणी सापडला होता, त्यामुळे तिथे रान होतं की माळ होता या प्रश्नाला वजन होतं. या ठिकाणाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण ठसा आणि रसायन यांचं म्हणणं जुळवताना किती सावध राहावं लागतं ते तिथे चांगलं दिसतं.

राखेशिवाय पुराच्या पाण्याने पसरलेला बारीक गाळ आणि झऱ्यांभोवती साचणारी चुनखडी यांतही गवताचे ठसे येतात. चुनखडीतले ठसे फार देखणे असतात, कारण चुना ओल्या काडीभोवती थेट साचतो आणि काडी कुजून गेली तरी तिची पोकळी राहते. पण झऱ्याजवळचं गवत झऱ्याचंच पाणी पितं, पावसाची वाट पाहत नाही. त्या ठशाला पहिला रकाना देऊन थांबा. हवामानासाठी त्याच चुनखडीतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांकडे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंकडे, वळा.

जागेवर काय टिपायचं

हातोडा नंतर, कंपास आधी. ठसे असलेला पृष्ठभाग उघडा पडला की काड्या कोणत्या दिशेला पडल्या आहेत ते प्रत्येक काडीसाठी मोजा. सगळ्या एका दिशेला झुकलेल्या असतील तर पाण्याने किंवा राखेच्या लोटाने त्यांना लोळवलं. इतस्ततः असतील तर त्या वाहत येऊन साचल्या असण्याची शक्यता वाढते. मग थर आडवा फोडून बाजूने बघा. काडी थरांना छेदून उभी जाते का? तिच्या खाली मुळांच्या बारीक खुणा आहेत का? उभी काडी आणि खाली मुळं एकत्र मिळाली तर ते गवत तिथेच वाढलेलं. हे एक निरीक्षण पन्नास सुट्या पात्यांपेक्षा जास्त मोलाचं, आणि ते फक्त जागेवरच करता येतं. दगड घरी आणल्यावर ही माहिती कायमची गेलेली असते.

ठशाला दोन बाजू असतात, दोन्ही घ्या. दोन्हींवर एकच क्रमांक आणि "अ", "ब". वरची बाजू कोणती ते बाणाने दाखवा. तुकडे मऊ कागदात वेगवेगळे गुंडाळा, एकमेकांवर घासू देऊ नका. आणि ठसा चुरतोय असं वाटलं तरी त्याला वार्निश किंवा गोंद लावू नका. गोंदातला कार्बन पुढे समस्थानिकांच्या मोजणीत येतो आणि ते मोजमाप वाया जातं. खरंच चुरत असेल तर आधी त्याच थरातला एक तुकडा अगदी कोरा बाजूला काढा, मग उरलेल्याला जे लावायचं ते लावा.

ठशाच्या थरातली सुमारे मूठभर माती, त्याच्या वरच्या थरातली आणि खालच्या थरातली, अशा तीन पिशव्या भरा. वरचा भुसभुशीत भाग खरवडून टाका आणि आतलं घ्या. आजच्या गवताची मुळं दगडाच्या भेगांतून बरीच खोल जातात आणि आजचे सूक्ष्म कण खाली नेतात. जिथे गोळा करणार तिथल्या कायद्याप्रमाणे लेखी परवानगी आधी हातात हवी. ती नसेल तर फोटो आणि मोजमापं घ्या, दगड तिथेच राहू द्या.

हे गवतच आहे का

समांतर शिरा दिसल्या म्हणून ते गवत ठरत नाही. लव्हाळा, मोथा, पाणकणीस, ताडामाडाच्या झावळीचा तुकडा, हे सगळे लांबट आणि समांतर शिरांचे. ताडवर्गाच्या पानाला पंख्यासारख्या घड्या असतात आणि ठशात त्या नियमित उंचवटे-खोलगट म्हणून येतात. पाणकणसाच्या पानात आडवे पडदे असतात, त्यामुळे ठशावर शिडीसारखी जाळी दिसते. लव्हाळ्याचं खोड बहुधा तिधारी आणि भरीव असतं, त्यावर गवतासारखी पेरं दिसत नाहीत.

गवताची खात्रीची खूण म्हणजे गाठ असलेलं पेर, आणि पातं जिथे आवरणाला मिळतं ती जागा. तिथे आतल्या बाजूला पातळ जिभली असते, कधी पडद्यासारखी, कधी केसांच्या झालरीसारखी. जिभलीचा ठसा मिळणं भाग्याचं काम आहे, पण शोधायला हवंच. कणीस मिळालं तर प्रश्नच मिटतो. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या विल्कॉक्स थरांतून विल्यम क्रेपेट आणि ग्रेगरी फेल्डमन यांनी १९९१ मध्ये वर्णन केलेल्या गवताची ओळख कणिशिकांमुळेच पक्की झाली, आणि ते पॅलिओसीन-इओसीन सीमेच्या, म्हणजे सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या, आसपासचं आहे. अमेरिकेच्या मैदानांतल्या ओगलाला थरांत तर गवताच्या फळांची कठीण आवरणं इतकी छान टिकली आहेत की मॅक्सिम एलियास यांनी १९४२ मध्ये त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला.

बांबूही गवतच, हे लक्षात असू द्या. मणिपूरमधल्या चिरांग नदीच्या गाळातून लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या अभ्यासकांनी काटेरी बांबूच्या खोडाचं जीवाश्म नोंदवलं आहे. वय सुमारे ३७ हजार वर्षं, आणि पेरांवर काटे सुटून गेल्याच्या खुणा आहेत. अशा ठशाला "गवत म्हणजे माळ" हे गणित लावलं तर निष्कर्ष थेट उलटा येईल.

प्रकाश तिरका, नजर सावकाश

आता एका तुकड्याकडे नीट बघू. माझ्या टेबलावर राखाडी राखेचा, दोन तळहातांएवढा एक तुकडा आहे. वरून ट्यूबलाइटच्या उजेडात तो जवळजवळ कोराच दिसतो. खोली अंधारी करून एकच दिवा डाव्या वरच्या कोपऱ्यातून, दगडाशी जेमतेम १० ते १५ अंशांचा कोन करून लावला की पाती उमटतात. दिवा डाव्या वरच्या बाजूलाच ठेवायची सवय लावून घ्या. प्रकाश खालून आला तर डोळा खोलगट भागाला उंचवटा समजतो, आणि फोटो बघणाऱ्याचंही तेच होतं. एक फोटो झाला की दगड हलवू नका, दिवा फिरवा. शिरांना काटकोनात प्रकाश पडला तर शिरा दिसतात, शिरांच्या दिशेने पडला तर आडव्या खुणा आणि जिभलीची कड दिसते. दोन्ही लागतात.

या तुकड्यावरचं सर्वांत लांब पातं ११ सेंटीमीटरचं, ४ मिलिमीटर रुंद, टोक तुटलेलं. दोन्ही कडा समांतर. बुंध्याकडे एके ठिकाणी शिरांची ओळ किंचित वळते आणि एक बारीक आडवी कड दिसते, तिच्याखाली तोच ठसा अधिक रुंद आणि गुळगुळीत होतो. ही पातं आणि आवरण यांची सांधणी. शेजारच्या काडीवर गाठ फुगलेली आहे. एवढ्यावर "गवत" लिहायला मला हरकत वाटत नाही.

मग शिरांमधलं अंतर. भिंगाखाली मोजपट्टी ठेवून दोन शेजारच्या शिरांमधलं अंतर मोजायचं, एकाच पात्यावर निदान तीन जागी. बारीकातली बारीक शीरही मोजणीत आली पाहिजे, फक्त ठळक शिरा मोजल्या तर अंतर फुगतं. इथे ते साधारण ०.११ मिलिमीटर येतं. आकडा आकर्षक आहे, पण लगेच वापरायचा नाही. वाळताना गवताचं पातं गुंडाळलं जातं, आणि गुंडाळलेलं पातं चपटं झालं की वरच्या थराच्या शिरा आणि खालच्या थराच्या शिरा एकमेकींच्या मध्ये बसतात. अंतर निम्मं झाल्याचा भास होतो. मध्यशीर कुठे आहे ते बघा. ती मधोमध असेल आणि दोन्ही बाजूंच्या शिरा जवळपास सारख्या असतील तर पातं उघडं आहे. मध्यशीर कडेला सरकलेली किंवा कडाच गोलाकार असेल तर गुंडाळलेलं समजा आणि ते मोजमाप बाद करा. माझ्या तुकड्यावरच्या पाच पात्यांपैकी दोनच या कसोटीला उतरतात.

दगडाचा कणही तपासा. गाळाचे कण ०.०६ मिलिमीटरपर्यंत आणि बारीक वाळूचे त्याहून मोठे असतात. ज्या दगडाचा कणच ०.१ मिलिमीटरचा आहे तो ०.१ मिलिमीटरवरच्या शिरा दाखवूच शकत नाही, त्यात फक्त ठळक शिरा उरतात. म्हणून वाळूच्या दगडातल्या पात्यावर "शिरा विरळ" असा शेरा मारून त्यावरून काही सिद्ध करू नये. बारीक राख आणि चिकणमाती यांवरच ही मोजणी करावी.

कार्बनची काळी पातळ फिल्म शिल्लक असेल तर दिव्याला आणि कॅमेऱ्याला एकमेकांशी काटकोनात ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी काच) लावा, काळं गवत राखाडी दगडातून उठून दिसतं. फिल्म नसेल, नुसता खळगा असेल, तर दंतवैद्य वापरतात त्या दोन भागांच्या सिलिकॉनचा साचा घेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. आधी कोपऱ्यावर करून बघा. सिलिकॉनचा तेलकट डाग राहतो, म्हणून रसायनासाठीचा तुकडा त्याआधीच वेगळा झालेला असावा.

साच्यावर नशिबाने बाह्यत्वचा, म्हणजे पानाची सगळ्यांत बाहेरची पातळ साल, उमटली असेल तर पर्णरंध्रं, म्हणजे तिच्यातली हवेची सूक्ष्म छिद्रं, बघा. छिद्राची उघडझाप करणाऱ्या गवताच्या रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या असतात. त्यांच्या बाजूच्या साहाय्यक पेशी त्रिकोणी किंवा घुमटाकार असतील तर ज्वारी-मक्याच्या वंशाकडे किंवा हरळी-नाचणीच्या वंशाकडे नजर जाते, कडा समांतर असतील तर गहू-बार्लीच्या वंशाकडे. लांब पेशींच्या भिंती नागमोडी आहेत का, त्यांवर उंचवटे आहेत का, तेही टिपा.

शिरांपासून हवामानापर्यंत

शिरांमधलं अंतर मोजायचं कारण प्रकाशसंश्लेषणात आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायच्या गवतांच्या दोन पद्धती आहेत, त्यांना सी-३ आणि सी-४ म्हणतात. गहू, भात, बांबू, देवनळ ही सी-३ पद्धतीची गवतं. ज्वारी, मका, ऊस, नाचणी, हरळी ही सी-४ पद्धतीची. सी-४ गवतात शिरेभोवती पेशींचं खास कडं असतं आणि प्रत्येक मधली पेशी त्या कड्याला लागून किंवा एका पेशीच्या अंतरावर असावी लागते. त्यामुळे दोन शिरांच्या मध्ये बहुधा दोन ते चारच पेशी मावतात आणि शिरा दाट येतात. सी-३ गवतात मधल्या पेशी त्याहून जास्त. ठशात पेशी दिसत नाहीत पण शिरांची दाटी दिसते. साधारणपणे ०.१५ मिलिमीटरच्या आत असेल तर सी-४चा संशय, ०.२ मिलिमीटरच्या वर असेल तर सी-३चा. मधला पट्टा दोघांचाही, आणि बांबूसारखी काही सी-३ गवतंही दाट शिरांची असतात. म्हणून मी "संशय" हाच शब्द वापरते. पानाचा आडवा छेद घेता येईल इतकं ऊतक टिकलं तर मात्र ते कडं प्रत्यक्ष दिसतं. जोसेफ थॉमासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या मायोसीन काळच्या (सुमारे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) गवतात ते दाखवलं. हा थेट पुरावा, यावर वाद नाही.

आता इथे बहुतेक जण घसरतात. सी-४ म्हणजे कोरडी हवा, असं समीकरण नाही. सी-४ला वाढीच्या हंगामात ऊब लागते, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर त्याचा फायदा वाढतो. त्यातही हरळीचा वंश कोरड्या उष्ण जागी जास्त, तर ज्वारी-मक्याचा वंश उष्ण पण पावसाळ्यात भरपूर पाणी मिळणाऱ्या जागी जास्त. वारंवार वणवे लागणारं रानही सी-४ला मानवतं. उलट, सी-३ गवत सापडलं तर चार शक्यता एकदम उभ्या राहतात: थंड हंगामात वाढणारं गवत, झाडांच्या सावलीतलं गवत, पाणथळ जागेतलं गवत, किंवा सी-४ पसरण्याच्या आधीच्या काळातलं कुठलंही गवत.

शेवटच्या शक्यतेसाठी थराचं वय माहीत असलंच पाहिजे. राख असेल तर त्यातल्या फेल्डस्पार या खनिजावरून आर्गॉन पद्धतीने वय काढता येतं, हा राखेचा आणखी एक फायदा. पिसदुऱ्याला, चंद्रपूर जिल्ह्यात, डायनासोरच्या जीवाश्म विष्ठेतून गवताच्या पेशींत साचणारे सिलिकाकण मिळाले आणि वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ते २००५ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे क्रिटेशियसच्या अखेरीस, ६ कोटी ६० लाख वर्षांच्याही आधी गवत होतं. पण तेव्हा माळ होते असा त्याचा अर्थ नाही. मोकळे गवताळ प्रदेश पुष्कळ नंतर पसरले आणि सी-४ गवतांचा मोठा विस्तार तर सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीचा. गवताचं अस्तित्व, माळाचं अस्तित्व आणि सी-४चं राज्य या तिन्ही घटनांमध्ये कोट्यवधी वर्षांची अंतरं आहेत.

मातीची साक्ष

ठसा एका रोपाबद्दल बोलतो, माती सगळ्या परिसराबद्दल. म्हणून त्या तीन पिशव्या. मातीतून सिलिकाचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, वेगळे काढायचे. चुना हायड्रोक्लोरिक आम्लाने जातो, सेंद्रिय भाग हायड्रोजन पेरॉक्साइडने, आणि मग २.३ घनतेच्या जड द्रावणात फायटोलिथ वर तरंगतात, वाळूचे कण खाली बसतात. दोन गोष्टींची काळजी घ्या. समस्थानिकांसाठी लागणारे चुन्याचे खडे आम्लाच्या आधी निवडून काढा. आणि बाह्यत्वचा सोडवण्यासाठी काही प्रयोगशाळा हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, ते सिलिका विरघळवतं, म्हणजे फायटोलिथही संपतात. दोन्ही कामांना नमुने वेगळे ठेवा. ते आम्ल माणसालाही घातक आहे, योग्य सोयी असलेल्या प्रयोगशाळेबाहेर आणि प्रशिक्षण नसताना त्याला हात लावू नये.

सूक्ष्मदर्शकाखाली निदान २०० गवती कण मोजा. खोगिरासारखे कण हरळीच्या वंशाचे, दोन पाकळ्यांचे आणि फुलीसारखे ज्वारी-मक्याच्या वंशाचे, तर गोलसर, टोपीसारखे आणि समलंबाकार बहुतेक गहू-बार्लीच्या वंशाचे. आकार आणि वंश यांचं नातं शंभर टक्के नाही, म्हणून एकेका कणावरून काही म्हणू नका, प्रमाण बघा. खोगिरी कणांना खोगिरी, दोन पाकळ्यांचे आणि फुलीचे या सगळ्यांच्या बेरजेने भागलं की कोरडेपणाचा निर्देशांक मिळतो. समजा ६० खोगिरी आणि ९० बाकीचे, तर ६० भागिले १५०, म्हणजे ४० टक्के. हा आकडा जितका मोठा तितकं बुटकं, कोरड्या जागेचं गवत. गहू-बार्लीच्या वंशाच्या कणांचं एकूण गवती कणांशी प्रमाण वाढलं तर थंडावा वाढला असं समजतात. झाडांच्या गोल खडबडीत कणांचं गवती कणांशी प्रमाण झाडोऱ्याचा अंदाज देतं. या आकड्यांचा अर्थ मात्र त्याच प्रकारच्या आजच्या रानातल्या मातीचे नमुने मोजून लावायचा. एका खंडातला उंबरठा उचलून दुसऱ्यावर बसवू नये.

ठशाच्या थरातले कण आणि खालच्या-वरच्या थरांतले कण यांत फरक पडला तर आनंद माना. तिन्ही पिशव्यांत अगदी सारखंच मिळालं आणि कण ताजे, धारदार दिसले, तर आजच्या मुळांनी घोटाळा केला असण्याची शक्यता आधी निकाली काढा.

मग कार्बन. कार्बन-१३ हा कार्बनचा जड समस्थानिक, आणि त्याचं प्रमाण एका ठरलेल्या मानकाच्या तुलनेत सांगतात. सी-३ वनस्पतींमधलं हे प्रमाण सरासरी उणे २७ प्रतिहजार, सी-४मधलं उणे १३ च्या आसपास. जुन्या मातीतल्या सेंद्रिय कार्बनचं माप उणे २० आलं तर हिशेब सरळ आहे: उणे २७ पासून ७ ने वर, एकूण अंतर १४, म्हणजे साधारण निम्मा वाटा सी-४चा. मातीत तयार झालेल्या चुन्याच्या खड्यांत हेच मूल्य सुमारे १४ ते १७ ने वर सरकतं, त्यामुळे निव्वळ सी-३ रानाचे खडे उणे १२ च्या आसपास आणि निव्वळ सी-४चे शून्याच्या वर येतात. जीवाश्म इंधनांच्या धुरामुळे आजच्या हवेतलं मूल्य औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा खाली आलं आहे. म्हणून आजच्या गवताशी तुलना करताना आजच्या मापात दीड-दोन प्रतिहजारांची भर घाला. ही दुरुस्ती राहिली तर सी-४चा वाटा उगाच वाढतो.

आता फोर्ट टर्नान. तिथल्या जुन्या मातीची घडण आणि राखेतलं गवत यांवरून झाडं विखुरलेल्या गवताळ प्रदेशाचं चित्र उभं राहिलं. नंतर थ्युर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मातीतला कार्बन मोजला, पुढे तृणभक्षकांच्या दातांचं इनॅमलही. उत्तर आलं, मुख्यतः सी-३. याचा अर्थ ठसे खोटे ठरले असा होत नाही. गवत होतं, ते डोळ्यांसमोर आहे. पण ते आजच्या आफ्रिकी सव्हानासारखं सी-४ गवत होतं, हे गृहीतक टिकलं नाही. ठशाने सांगितलं "गवत", कार्बनने सांगितलं "सी-३ परिसर", आणि दोन्ही एकत्र ठेवल्यावर आज ज्याची हुबेहूब जोडी सापडणं अवघड आहे असा भूभाग समोर येतो. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. पुरावे जुळत नाहीत असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा आपण त्यांना एकच प्रश्न विचारत असतो, आणि ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

शिवालिकचंही असंच. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या जुन्या मातीत सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी कार्बन सी-३ कडून सी-४ कडे सरकतो, हे भूशास्त्रज्ञ जे क्वेड, सर्लिंग आणि जॉन बोमन यांनी १९८९ मध्ये दाखवलं. तेव्हा त्याचा अर्थ मान्सून बळकट झाल्याशी जोडला गेला. पुढे इतर खंडांतही तसाच बदल दिसल्यावर १९९७ मध्ये हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या घटीकडे बोट दाखवलं गेलं. मोजमापं तीच राहिली, हवामानाचा अर्थ बदलला. म्हणूनच दुसरा आणि तिसरा रकाना वेगळे हवेत.

तापमानाचा आकडाच हवा असेल तर तो गवताकडून मागू नका. त्याच थरात रुंद पानांच्या झाडांचे ठसे असतील तर त्यांच्याकडून मागा. जॅक वुल्फ यांनी पूर्व आशियातल्या रानांतून जमवलेल्या नोंदींवरून निघालेलं समीकरण सोपं आहे: अखंड कडेच्या, म्हणजे दाते नसलेल्या, पानांच्या जातींचं प्रमाण ३०.६ ने गुणायचं आणि त्यात १.१४ मिळवायचे. ६० टक्के जाती अखंड कडेच्या असतील तर वार्षिक सरासरी १९.५ अंश सेल्सियस. निदान वीस जाती तरी हव्यात, आणि चूक किमान दोन अंशांची धरा. गवताचं पातं या मोजणीत धरायचं नाही. त्याची कड अखंड दिसली तरी हे समीकरण वृक्ष-झुडपांच्या रुंद पानांसाठी आहे.

लिहून कसं काढायचं

अहवालात प्रत्येक वाक्याला त्याचा पुरावा चिकटवा. माझ्या टेबलावरच्या राखेच्या तुकड्याचं टिपण आत्ता असं आहे: "गवत, निश्चित, पुरावा सांधणी आणि पेर. जागेवर वाढलेलं, निश्चित. दोन काड्या थराला छेदून उभ्या, खाली बारीक मुळांच्या खुणा. पाणथळ नव्हे, बहुधा. खालच्या मातीची कणीदार घडण. सी-४, संशय, दोन उघड्या पात्यांवर शिरांमधलं अंतर ०.११ मिलिमीटर. झाडोरा, अनिर्णित, फायटोलिथ मोजणी बाकी. तापमान आणि पाऊस, रिकामं." निश्चित, बहुधा, संशय, अनिर्णित हे चारच शब्द वापरा आणि त्यांचा अर्थ अहवालाच्या सुरुवातीला सांगा. नवीन माप आलं की शब्द बदला, तारीख टाका, जुना शब्द खोडू नका, शेजारी राहू द्या. तुकड्याच्या दोन्ही बाजू, तिन्ही पिशव्यांतली उरलेली माती आणि कोरा ठेवलेला नमुना एकाच क्रमांकाने, एकाच पेटीत, कोरड्या जागी ठेवा. पेटीवर क्रमांकाबरोबर थराचं नाव आणि वरची दिशाही लिहा.